नाव कोठे ओढावी? किनाऱ्यावरील एका न नोंदलेल्या हक्काचा इतिहास

जहाजांचा इतिहास लिहिणारे बहुधा जहाज पाण्यात उतरते तेथून आरंभ करतात. त्याने कोणती बंदरे पाहिली, कोणता माल वाहिला, कोणत्या लढाईत तोफा डागल्या, याचे वर्णन येते. परंतु लाकडी जहाजाच्या आयुष्याचा बराचसा भाग पाण्याबाहेर जातो. वर्षातून एकदा तरी त्याला कोरड्यावर घ्यावे लागते. तळाला चिकटलेली शिंपल्यांची पुटे खरवडावी लागतात, लाकूड पोखरणाऱ्या किड्याने खाल्लेल्या फळ्या काढून नव्या बसवाव्या लागतात, फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकावा लागतो आणि तळाला चुना व चरबीचा लेप द्यावा लागतो. हे न केल्यास चांगल्या सागवानाची नावही काही वर्षांत निकामी होते.

या कामाला माणसे, लाकूड आणि पैसा लागतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण या तिन्हींच्या आधी जागा लागते, आणि ती पाण्याच्या अगदी काठाशी लागते. प्रशासनाच्या दृष्टीने भूमीचा हा पट्टा सर्वांत अडचणीचा आहे. तो दिवसातून दोनदा समुद्र असतो आणि दोनदा जमीन. महसूल खाते त्याला बंदर खात्याचा समजते, बंदर खाते त्याला महसुलाचा समजते, आणि ज्याची नाव तेथे ओढलेली असते तो त्याला आपल्या आजोबांचा समजतो. माझ्या सेवेचा मोठा भाग गुजरातच्या किनारपट्टीवर गेला. तेव्हापासून या पट्ट्याचा इतिहास मी जमेल तसा वाचत आलो. महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या मराठी वाचकांपैकी अनेकजण आज कुठल्या ना कुठल्या बंदराच्या शहरात राहतात. त्यांनी आपल्या शहराच्या किनाऱ्याकडे या दृष्टीने एकदा पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१. चंद्राने बांधलेली गोदी

नाव कोरड्यावर घेण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे भरती-ओहोटी. उधाणाच्या भरतीला नाव जितकी वर नेता येईल तितकी न्यायची, पाणी उतरले की ती चिखलात किंवा वाळूत बसते. पुढचे उधाण येईपर्यंत पंधरवडा मिळतो. या गोदीला भिंती नाहीत, दरवाजे नाहीत आणि भाडेही नाही.

पण निसर्गाने ही सोय सर्वांना सारखी दिलेली नाही. कच्छच्या आखातात उधाणाच्या वेळी पाणी सहा-सात मीटर चढते-उतरते. खंबायतच्या आखातात तर त्याहूनही अधिक. मुंबईत हा फरक चार-पाच मीटरांचा असतो. केरळात मात्र तो जेमतेम एक मीटर. किनाऱ्या-किनाऱ्यावरच्या नावांच्या कारागिरीत जे भेद दिसतात, त्यांतल्या अनेकांचे मूळ या आकड्यांत आहे.

कच्छमधील मांडवी हे गाव सोळाव्या शतकात राव खेंगारजी पहिले यांच्या काळात वसले. तेथे रुक्मावती नदी समुद्राला मिळते, आणि त्या मुखाशी नदीच्या पात्रातच, उघड्या आकाशाखाली, लाकडी वहाणे बांधण्याची परंपरा सुमारे चारशे वर्षे चालत आलेली आहे. गोदी म्हणावे असे बांधकाम तेथे नाही. वहाण वाळूत टेकूंवर उभे राहते आणि तयार झाल्यावर मोठ्या भरतीची वाट पाहते. जुनी वहाणे दुरुस्तीसाठी त्याच पात्रात येऊन बसतात. खारवा समाजातील नाविक आणि सुतार-मिस्त्री यांचे ज्ञान कागदावर नसते. मोजमाप डोळ्यांत आणि हातांत असते. अठराव्या शतकात महाराव लखपतजींच्या पदरी असलेला रामसिंह मालम हा हॉलंडमध्ये कला शिकून आलेला कारागीर भुजच्या आईना महालामुळे इतिहासात राहिला. रुक्मावतीच्या वाळूत पिढ्यान्‌पिढ्या फळ्या बदलणाऱ्यांची नावे मात्र कोठे लिहिलेली नाहीत.

केरळातील बेपूर येथे चालियार नदीच्या मुखाशी उरू नावाची मोठी जहाजे बांधली जातात. अरबी व्यापाऱ्यांशी असलेला त्यांचा संबंध फार जुना आहे. पण तेथे भरतीची मदत थोडी. म्हणून शेकडो टनांचे जहाज जमिनीवरून पाण्यात आणि पाण्यातून जमिनीवर सरकविण्याची विद्या तेथे माणसांनीच विकसित केली. ही विद्या जाणणारे म्हणजे मोपला खलाशी. उभा फिरता रहाट, कप्प्या, दोर, ओंडके आणि एका सुरात लावलेला जोर, एवढीच त्यांची साधने. ८ जुलै १९८८ रोजी कोल्लमजवळ पेरुमण येथे आयलंड एक्सप्रेसचे डबे अष्टमुडी सरोवरात कोसळले, तेव्हा ते बाहेर काढण्यासाठी याच खलाशांना बोलावण्यात आले होते. नाव दुरुस्तीला ओढण्याच्या रोजच्या कामातून आलेले कसब राष्ट्रीय आपत्तीच्या वेळी उपयोगी पडले.

२. मराठी आरमाराचा पावसाळा

मराठी वाचकाला या विषयाची एक जुनी घरगुती आठवण आहे. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लिहिले गेले. त्यातील आरमाराचे प्रकरण आपण बहुधा झाडांच्या उल्लेखासाठी उद्धृत करतो. आंबा-फणसासारखी झाडे रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, ती आरमारासाठी बळाने तोडू नयेत, जीर्ण झालेले झाड घ्यावयाचे तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे, असा त्याचा आशय आहे. त्याच प्रकरणात पावसाळ्याच्या छावणीचाही विचार आहे. दर्या खवळण्याच्या आधी आरमार सुरक्षित बंदरात आणावे आणि ही छावणी दरवर्षी एकाच बंदरात करू नये, असे अमात्य सांगतात. किनाऱ्यावरील प्रजेला आरमाराचा उपद्रव होऊ नये, ही दृष्टी साऱ्या प्रकरणात दिसते.

प्रशासकाच्या नजरेने पाहिले तर यात जागेचा प्रश्न आहे. चार महिने शेकडो खलाशी, सुतार आणि लोहार एका खाडीत मुक्काम करणार. त्यांना लाकूड, चारा, सरपण आणि जमीन लागणार. त्याचा भार एकाच गावावर वर्षानुवर्षे पडू नये म्हणून तो फिरता ठेवणे हे सूक्ष्म धोरण आहे. विजयदुर्गजवळ वाघोटणच्या खाडीत कातळ कोरून केलेली मराठ्यांची गोदी आजही पाहता येते. तेथे गेल्यावर समजते की ही केवळ लढायांची तयारी नव्हती. पावसाळ्याआधी नाव ओढणे आणि नारळी पौर्णिमेनंतर ती पुन्हा दर्यावर लोटणे हे कोळी-गाबितांच्या जीवनाचे जे चक्र होते, त्याच चक्रावर राज्याचे आरमारही चालत होते.

३. दरवाजे असलेली गोदी

ईस्ट इंडिया कंपनीने हे चित्र बदलले. १७३५-३६ च्या सुमारास सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया या पारशी सुताराला मुंबईत आणण्यात आले. १७५० मध्ये मुंबईत दगडी सुकी गोदी तयार झाली. आशियातील ती पहिली, असे म्हटले जाते. १७६२ आणि १७६५ मध्ये तिला आणखी दोन भाग जोडले गेले, आणि १८०७ ते १८१० या काळात डंकन गोदी उभी राहिली. जहाज आत घ्यायचे, दरवाजे बंद करायचे, पाणी काढायचे, आणि भरतीची पर्वा न करता दुरुस्ती करायची. वाडिया कुटुंबाने येथे बांधलेल्या जहाजांपैकी १८१७ साली पाण्यात उतरलेले त्रिंकोमाली आजही तरंगत आहे. १९८७ मध्ये ते इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल येथे नेण्यात आले आणि २००१ पर्यंत त्याचा जीर्णोद्धार चालला. जेथे जहाजबांधणीचा धंदा बंद पडला होता अशा गावात मोकळी जागा आणि जुने हात दोन्ही उपलब्ध होते. चौदा वर्षे चालणाऱ्या कामाला जागा कशी लागते, हे त्यावरून लक्षात यावे.

सुकी गोदी ही मोठी प्रगती होती, यात शंका नाही. पण तिने एक विभागणी केली. ज्याच्या पाठीशी कंपनी किंवा मोठे भांडवल, त्याला गोदी. इतरांना चिखल. जोपर्यंत चिखल भरपूर होता तोपर्यंत हे कोणाला बोचले नाही.

कलकत्त्यात तर जागेच्या मालकीनेच एका गोदीचा बेत बुडविला. कंपनीचे इंजिनिअर कर्नल हेन्री वॉटसन यांनी १७८० च्या सुमारास खिदिरपूर येथे मोठ्या गोद्यांचे काम सुरू केले. त्या जमिनीवर स्थानिक जमीनदाराने हक्क सांगितला, वाद न्यायालयात गेला आणि गोद्यांचे काम अडले. वॉटसन यांनी तेथे जहाजबांधणी केली, १७८१ मध्ये नॉनसच हे जहाज पाण्यात सोडले, परंतु अमाप पैसा खर्ची घालूनही मूळ योजना पुरी झाली नाही. वाटगंज हे त्या भागाचे नाव त्यांच्यावरून पडले. जमिनीचा मालक कोण, हे ठरण्याआधी कुदळ मारू नये, हा धडा आपल्या प्रकल्पांना आजही पुरतो.

मुंबईत हा प्रश्न वेगळ्या रूपाने आला. १८६० च्या दशकात कापसाच्या तेजीत किनाऱ्यावर भराव टाकण्यासाठी खासगी कंपन्या निघाल्या. त्यांतील एल्फिन्स्टन कंपनीच्या हाती माल उतरविण्याच्या किनाऱ्याचा इतका भाग गेला की बंदराचे दर ठरविण्याचे सामर्थ्य एका खासगी कंपनीकडे जाते की काय, अशी भीती सरकारला वाटू लागली. १८७० च्या सुमारास सरकारने ती मालमत्ता विकत घेतली आणि १८७३ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. कलकत्त्यात १८७० सालीच तशी संस्था आली होती. किनारा सार्वजनिक हातात राहावा, हे तत्त्व येथे मान्य झाले, ही मोठी गोष्ट होय. पण सार्वजनिक म्हणजे कोणाचा? पोर्ट ट्रस्टचे विश्वस्त व्यापारी आणि अधिकारी होते. मचवेवाल्याला त्या मंडळात खुर्ची नव्हती. चिखलाच्या जागी धक्का आला. धक्क्यावर माल उतरतो, पण धक्क्यावर नाव ओढता येत नाही.

४. लाकूड कोणाचे?

जागेबरोबर लाकडाचीही गोष्ट सांगितली पाहिजे, कारण स्वतःच्या हाताने नाव दुरुस्त करणाऱ्याला या दोन्हींची टंचाई एकदमच भासते. नेपोलियनशी युद्ध चालू असताना इंग्रजी आरमाराला ओक कमी पडू लागला आणि नजर मलबारच्या सागाकडे वळली. १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन यांची मलबार-त्रावणकोर भागासाठी वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. हिंदुस्थानातील हे पहिले वनसंरक्षक. खिदिरपूरच्या वॉटसन यांच्याशी त्यांची गल्लत करू नये. त्यांनी सागाची मक्तेदारी उभी केली. आरमाराला स्वस्त लाकूड मिळाले, पण खासगी मालकांचे आणि गावकऱ्यांचे हक्क तुडविले गेले. तक्रारी वाढत गेल्या आणि अखेर मद्रासचे गव्हर्नर थॉमस मन्रो यांच्या काळात, १८२३ मध्ये, ते पदच रद्द करण्यात आले. अमात्यांनी शंभर वर्षांपूर्वी दिलेला इशारा मन्रोंनी वाचला असण्याचे कारण नाही. पण अनुभवाने ते त्याच निष्कर्षाला आले.

पुढे १८४० च्या दशकात मलबारचे कलेक्टर एच. व्ही. कॉनोली यांनी वेगळी वाट घेतली. दुसऱ्याचा साग हिसकावण्याऐवजी नवा लावायचा. निलंबूर येथे चातू मेनन या स्थानिक अधिकाऱ्याच्या परिश्रमाने जगातील पहिली मोठी साग लागवड उभी राहिली. चालियार नदीतून ओंडके खाली बेपूर-कल्लाईपर्यंत येत. सागाला पक्व व्हायला साठ-सत्तर वर्षे लागतात. कॉनोलींची १८५५ मध्ये हत्या झाली, आणि त्यांची झाडे पक्व होईपर्यंत आरमारे लोखंडाची झाली होती. ज्या जहाजांसाठी ती लावली ती जहाजेच उरली नाहीत. जिल्हाधिकाऱ्याच्या कामाचे फळ कोणाला आणि केव्हा मिळेल हे सांगता येत नाही, याचे यापेक्षा बोलके उदाहरण मला माहीत नाही.

५. कायद्याच्या पुस्तकात किनारा

आता कायद्याकडे वळू. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याच्या कलम ३७ ने समुद्राचा, बंदरांचा आणि खाड्यांचा भरतीरेषेखालचा तळ सरकारचा ठरविला. महाराष्ट्रात १९६६ च्या संहितेत तेच तत्त्व कलम २० मध्ये आले. गुजरातेत १८७९ चाच कायदा पुढे चालू राहिला. बंगालमध्ये १८२५ च्या अकराव्या रेग्युलेशनने नदीच्या गाळाने तयार होणाऱ्या जमिनीचे नियम केले. काठाला हळूहळू जोडली जाणारी जमीन लगतच्या धारकाची, पण मोठ्या, नौकानयनयोग्य नदीत मधोमध उभे राहणारे चर सरकारचे. हुगळी जिल्ह्यातील बलागड हे नावा बांधणाऱ्यांचे गाव भागीरथीच्या काठी आहे. नदी काठ खाते, काठ सोडते, आणि त्यासोबत नावा ठेवण्याची जागाही सरकते. तेथील कारागीर घरांच्या लगत, झाडाच्या किंवा छपराच्या सावलीत नावा बांधतात. त्यामागे परंपरा आहे तशी ही अनिश्चितताही असावी, असे मला वाटते.

जहाजांच्या नोंदणीचे कायदेही जुने आहेत. १८३८ चा किनारी जहाजांचा कायदा पश्चिम किनाऱ्यावरील शिडाच्या गलबतांसाठी होता. सौराष्ट्र आणि कच्छपुरता तो इतका काळ टिकला की २०१६ मध्ये केंद्र सरकारला तो रद्द करण्याचा प्रस्ताव मांडावा लागला. १९०८ चा बंदरे कायदा, १९१७ चा अंतर्गत जहाजांचा कायदा, १९५८ चा व्यापारी नौवहन कायदा आणि १९६३ चा मोठ्या बंदरांचा कायदा हे विसाव्या शतकाचे चार खांब. २०२१ मध्ये अंतर्गत जहाजे आणि मोठी बंदरे यांसाठी नवे कायदे आले, आणि २०२५ मध्ये संसदेने बंदरे व व्यापारी नौवहन यांचे नवे कायदे संमत केले.

या साऱ्या कायद्यांत जहाजाचे नाव, वजन, मालक, कर्मचारी, दिवे, गहाणखत अशा प्रत्येक गोष्टीची तरतूद सापडते. नाव दुरुस्तीसाठी ओढण्याच्या लहान माणसाच्या जागेबद्दल मात्र हे कायदे जवळजवळ मौन पाळतात. नाव नोंदलेली आहे, पण तिची विश्रांतीची जागा नोंदलेली नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण भावनगर जिल्ह्यातील अलंगचे. १९८३ पासून तेथे जुनी जहाजे तोडली जातात. उधाणाच्या भरतीला जहाज जोरात किनाऱ्यावर चढवायचे, पाणी उतरले की ते रुतते, हे तंत्र मांडवीच्या वहाणवाल्याचेच आहे. पण अलंगच्या किनाऱ्याचे क्रमांकवार भूखंड आहेत, त्यांचे भाडेपट्टे आहेत, आणि गुजरात मेरीटाइम बोर्डाच्या दप्तरी त्यांची नोंद आहे. एकाच राज्यात, एकाच आखातांच्या टापूत, जहाज मोडण्याच्या जागेला कागद आहे आणि नाव जोडण्याच्या जागेला नाही. मोडण्यातून महसूल एकदम आणि मोठा मिळतो, जोडण्यातून तो मिळत नाही, एवढेच याचे कारण आहे.

६. एक अर्ज

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मी एका किनारी उपविभागात प्रांत अधिकारी होतो. एका लहान खाडीवरचा एक वृद्ध नाववाला अर्ज घेऊन आला. त्याची नाव पंचवीस वर्षांची होती. तळाच्या फळ्या गेल्या होत्या, पण पठाण, म्हणजे तळाचे मुख्य लाकूड, शाबूत होते. त्याला ती मुलाच्या मदतीने स्वतः दुरुस्त करावयाची होती. खाडीच्या ज्या उतारावर गावच्या नावा ओढल्या जात, ती जागा एका कार्यालयाने धक्क्यासाठी मागितली होती आणि अतिक्रमणांच्या यादीत त्याची नाव चढली होती. जवळच्या खासगी कारखान्यात जागा मिळे, पण भाडे महिन्यावर आणि लांबीच्या फुटावर.

त्याने मला जे गणित सांगितले ते मी विसरलो नाही. तो म्हणाला, “साहेब, कारखानदाराचे मिस्त्री हे काम दोन महिन्यांत करतील. मला दोन चौमासे लागतील. कारण पैसे येतील तेव्हा मी एक फळी घेईन. काम पैशाच्या चालीने चालते, भाडे दिवसांच्या चालीने चालते. भाडे जिंकते.” अर्थशास्त्राची पुस्तके मी वाचली होती, पण गरिबाला वेळ महाग का पडतो, हे इतक्या थोडक्यात कोणी सांगितले नव्हते. लाकडी नाव फार दिवस उन्हात राहिली की फळ्या आकसतात आणि फटी रुंदावतात, म्हणून तिला सावलीही हवी. खाली नीट आधार नसेल तर पाठीचा कणा वाकावा तसे पठाण वाकते, म्हणून जमीन टणक हवी. अर्थात कोणतीही पडीक जागा चालत नाही.

फाइलीवर दोन अभिप्राय होते. एकात म्हटले होते की जागा भरतीरेषेखाली असल्याने महसूल खात्याला ती देता येत नाही. दुसऱ्यात म्हटले होते की १९९१ च्या किनारा अधिसूचनेमुळे तेथे काहीच करता येत नाही. दोन्ही अभिप्राय आपापल्या जागी सुटसुटीत होते आणि दोन्ही मिळून त्या माणसाची नाव कुजणार होती. आम्ही मोजणीदाराला घेऊन जागा पाहिली. भरतीरेषेच्या वर, बाभळींच्या ओळीखाली, सरकारी पडीक जमिनीची एक चिंचोळी पट्टी होती. १८७९ च्या कायद्याचे कलम ३८ गावाच्या गुरचरणासाठी आणि अन्य सार्वजनिक प्रयोजनांसाठी जमीन राखून ठेवण्याची मुभा देते. गुरांना चरण्यासाठी जमीन राखता येते, तर नावांना टेकण्यासाठी का नाही, असा प्रस्ताव मी केला. कोणतेही बांधकाम नव्हते, म्हणून किनारा अधिसूचनेचा अडसर येण्याचे कारण नव्हते. गावसभेचा ठराव झाला, जिल्हाधिकाऱ्यांनी मान्यता दिली आणि ती पट्टी गावच्या नावांसाठी राखली गेली. धक्का पुढे बाजूला झाला. वृद्धाला दोन चौमाशांऐवजी तीन लागले, असे मला नंतर कळले.

या घटनेचे मी मोठे भांडवल करीत नाही. प्रत्येक किनारी जिल्ह्यात असे अर्ज येतात, आणि चांगले अधिकारी त्यांतून वाट काढतात. प्रश्न असा आहे की अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असणारी सोय हक्क ठरत नाही. अधिकारी बदलला की सोय बदलते.

७. पाण्यावरची घरे आणि आटणारा धंदा

किनारा नसलेल्या प्रदेशातही हाच प्रश्न आहे. काश्मीरच्या महाराजांच्या राज्यात बाहेरच्यांना जमीन घेता येत नसे, म्हणून इंग्रज पाहुण्यांनी पाण्यावर राहण्याची सोय करून घेतली आणि हाऊसबोटी वाढल्या, असे सांगितले जाते. जमिनीच्या कायद्यातून जन्मलेली ही बोट पुढे दल सरोवराच्या प्रदूषणाच्या प्रश्नात सापडली. नव्या हाऊसबोटी बांधण्यावर बंदी आली आणि जुन्यांच्या दुरुस्तीवरही अनेक वर्षे निर्बंध राहिले. देवदाराची हाऊसबोट दुरुस्त झाली नाही तर बुडते. सरोवर वाचविणे आवश्यकच होते. पण बंदी घालताना दुरुस्तीसाठी ठरावीक, देखरेखीखालची, परवडणारी जागा त्याच वेळी नेमली गेली असती, तर संरक्षण आणि उपजीविका यांची अशी लढत लागली नसती.

पश्चिम किनाऱ्यावर अडचण बाजाराकडूनही आली. २०१० मध्ये सोमाली चाचेगिरीमुळे यांत्रिक शिडाच्या जहाजांना सलालाह आणि माले यांना जोडणाऱ्या रेषेच्या दक्षिणेस व पश्चिमेस जाण्यास नौवहन महासंचालनालयाने मनाई केली. जीव वाचविण्यासाठी तो निर्णय योग्य होता. पण ज्या फेऱ्यांच्या मिळकतीवर मांडवी-सलाया येथील वहाणांची दुरुस्ती होत असे, त्या फेऱ्या थांबल्या. मिळकत थांबली की दुरुस्ती लांबते, दुरुस्ती लांबली की जागेचे भाडे चढते. वृद्ध नाववाल्याचे गणित येथे मोठ्या आकड्यांत दिसते.

८. किनाऱ्याचे वाजिब-उल-अर्ज

उपाय शोधण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. नागपूर, जबलपूर, रायपूर येथील वाचकांना निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे शब्द ओळखीचे असतील. जुन्या मध्य प्रांतात गावकऱ्यांच्या वहिवाटी लिहून ठेवण्याची पद्धत होती. गुरे कोठे चरावीत, सरपण कोठून आणावे, वाट कोठून जावी, मासे कोठे धरावेत, हे सारे त्यात लिहिले जाई. मध्य प्रदेशच्या १९५९ च्या आणि महाराष्ट्राच्या १९६६ च्या महसूल संहितांत ही पद्धत कायम राहिली. किनारी जिल्ह्यांत मात्र रयतवारीची परंपरा होती. तेथे शेतकऱ्याच्या शेताची नोंद काटेकोर झाली, पण सामाईक वहिवाटीची नोंद दुबळी राहिली. नाव ओढण्याची जागा त्या फटीत हरवली.

ती शोधून काढण्याची संधी आजच्या नियमांत आहे. २०११ च्या किनारा अधिसूचनेने मच्छीमार समाजाला लागणाऱ्या सोयींत जाळी विणण्याच्या जागांबरोबर पारंपरिक नावा बांधण्याच्या जागांचाही नावानिशी उल्लेख केला. २०११ च्या आणि १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनांप्रमाणे स्थानिक किनारा नकाशांवर मच्छीमार वस्त्या आणि त्यांच्या सामाईक मालमत्ता गावनकाशाच्या प्रमाणावर दाखविल्या पाहिजेत. २०२१ च्या अंतर्गत जहाज कायद्याने यंत्र नसलेल्या नावांची नोंद स्थानिक पातळीवर करण्याची व्यवस्था कल्पिली आहे. म्हणजे नावेची नोंद गावात होणार, किनाऱ्याचा नकाशा गावाच्या प्रमाणावर होणार. या दोन कागदांमध्ये एक रेघ ओढणे एवढेच काम उरते. अमुक गावात अमुक नावा, आणि त्या ओढण्याची अमुक जागा. तलाठ्याने ती मोजावी, ग्रामसभेने ती वाचून घ्यावी, आणि बंदर खात्याने तिचा मान राखावा. भाडे आकारावयाचे असल्यास ते नाममात्र आणि हंगामाचे असावे, दिवसांचे नव्हे. तेल, रंग आणि कचरा पाण्यात जाऊ नये यासाठी एक खड्डा आणि एक पत्र्याची शेड पुरते. त्याला कोट्यवधींची योजना लागत नाही.

लाकडी नावा आता संपतच आल्या, मग ही उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. काचतंतूंच्या नावा आल्या आहेत, हे खरे. पण त्यांनाही तडे जातात आणि त्यांनाही कोरडी जागा लागते. शिवाय विद्या एकदा गेली की तिला परत बोलावणे महाग पडते. १९८० मध्ये टिम सेव्हरिन यांनी ओमानमध्ये सोहार हे शिवलेल्या फळ्यांचे जहाज बांधावयाचे ठरविले, तेव्हा लाकूड मलबारहून आणि काथ्या व शिवणारे कारागीर लक्षद्वीपहून न्यावे लागले. २०२५ मध्ये कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झालेले कौंडिण्य हे शिवलेले जहाजही केरळी कारागिरांच्या हातांनीच उभे राहिले. ही विद्या संग्रहालयात टिकली नव्हती. कोठेतरी खाडीच्या काठी, कोणाच्या तरी बापाने मुलाला जुनी नाव उसवून पुन्हा शिवायला लावली, म्हणून ती टिकली. त्यासाठी त्या दोघांना काही महिने कोणी न हुसकावता बसू दिलेली जागा मिळाली होती, आणि ती जागा कोणत्याही दप्तरात नव्हती.

राज्याच्या दृष्टीने ही जागा काही गुंठ्यांची असते. महसुलाच्या वार्षिक अहवालात तिचा आकडा दिसणारही नाही. परंतु ज्या गावाच्या नकाशावर ती निळ्या आणि हिरव्या रंगांच्या मधोमध छोट्या चौकोनाने दाखविलेली असेल, त्या गावात एखादा माणूस आपली नाव मोडीत न काढता दुरुस्त करण्याचा विचार करील. आपल्यापैकी जे सेवेत आहेत त्यांनी आपल्या जिल्ह्याचा किनारा नकाशा पुढच्या वेळी मंजुरीसाठी येईल तेव्हा हा चौकोन त्यावर आहे का, एवढे पाहावे.